धर्माच्या गाईचे दात मोजताना

घाटकोपरपासून भांडुपपर्यंत रेल्वेच्या पश्चिमेला टेकड्यांची जी रांग आहे, तिच्यातल्या एका टेकडीवरच्या वस्तीत मी १९ वर्षे राहते आणि टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या सार्वजनिक दवाखान्यात माझ्या आईला गेली ४ वर्षे नियमाने घेऊन जाते. आई ७८ वर्षांची आहे. तिला मधुमेह आहे, रक्तदाब आहे आणि डॉक्टरांपुढे दोन्ही कमी करून सांगण्याची सवय आहे. दवाखान्याचे नाव, तो कोणत्या यंत्रणेच्या अखत्यारीत येतो ही माहिती आणि वस्तीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. तिथे काम करणारे बहुतेकजण कंत्राटी आहेत आणि माझ्या लिहिण्यामुळे वरून जाब विचारला गेलाच, तर तो ज्यांच्या हातात काहीच नाही त्यांनाच विचारला जाईल, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

हे परीक्षण लिहिण्याचे निमित्त म्हणजे शेजारच्या काकूंचे एक वाक्य. आईच्या गोळ्या महिन्याऐवजी पंधराच दिवसांच्या मिळाल्या म्हणून मी खिडकीपाशी कुरकुर केली, तेव्हा मागे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, “अगं, धर्माची गाय आणि दात का गं नाय? मिळतंय ते घ्यावं आणि घरी जावं.” रांगेतल्या सात-आठ जणी हसल्या, मीही हसले. पण घराच्या पायऱ्या चढेपर्यंत ती म्हण मला टोचत राहिली. पोटासाठी मी कायदेविषयक कागदपत्रांचे मराठी भाषांतर करते आणि काही वर्षांपूर्वी ज्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांवर मी दोन महिने घालवले, त्यांच्या हिशेबाने आमचा दवाखाना कोणी धर्मादाय दिलेली गाय ठरत नाही. ते देणे आहे, आणि देणे म्हटले की मोजून घेणे आले.

नकाशाच्या ॲपवर या दवाखान्याचे जे अभिप्राय आहेत, ते वाचून मोजण्याची गरज अधिकच पटते. एकाने पाच तारे देऊन “छान” एवढेच लिहिले आहे, तर दुसऱ्याने गाडी लावायला जागा नाही म्हणून एकच तारा दिला आहे. हॉटेलातल्या मिसळीला चालेल अशी ही मोजपट्टी दवाखान्याला लावून भागत नाही. मी लावलेली पट्टी संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीने २००० साली तयार केली आहे. ‘सर्वसाधारण टिप्पणी क्रमांक १४’ या रुक्ष नावाच्या त्या दस्तऐवजात समितीने चार गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत: सेवा उपलब्ध आहे का, ती लोकांच्या आवाक्यात आहे का, लोकांना ती स्वीकारता येईल अशा रीतीने दिली जाते का आणि तिचा दर्जा काय आहे.

ही टिप्पणी ज्या करारावर आहे, तो आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १६ डिसेंबर १९६६ रोजी स्वीकारला, ३ जानेवारी १९७६ पासून तो अमलात आला आणि १० एप्रिल १९७९ रोजी भारत त्यात सामील झाला. त्याचा १२ वा अनुच्छेद शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा ‘गाठता येण्याजोगा सर्वोच्च दर्जा’ अनुभवण्याचा प्रत्येकाचा हक्क मान्य करतो. हे शब्द मुळात १९४६ मध्ये लिहिलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतले. ती घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली, म्हणूनच ७ एप्रिलला आपण जागतिक आरोग्य दिन पाळतो आणि त्या दिवशी दवाखान्याच्या दाराला फुगे लागतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मानवी हक्कांचा जाहीरनामा आला; त्याच्या २५ व्या अनुच्छेदात अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्या पंगतीला वैद्यकीय सेवाही बसलेली आहे. या जाहीरनाम्याच्या पहिल्या अनुच्छेदातला पुरुषवाचक शब्द बदलून तिथे ‘सर्व मानव’ असा अर्थ आणणाऱ्या हंसाबेन मेहता पूर्वी मुंबईच्या विधान परिषदेत होत्या, हे मला फार उशिरा कळले आणि तेव्हापासून तो मसुदा मला थोडा घरचा वाटू लागला.

‘गाठता येण्याजोगा’ या शब्दापाशी मी भाषांतर करताना अर्धा दिवस अडले होते. ‘शक्य तेवढा’ असे लिहिले असते तर सरकारी कारकुनाच्या तोंडी शोभणारी पळवाट तयार झाली असती. मुळात तशी पळवाट नाही. निरोगी असण्याची हमी कोणतेही सरकार देऊ शकत नाही, माणसाची मूळ प्रकृती आणि देशाची ऐपत या दोन्हींचा विचार करावा लागतो, एवढेच तो शब्द मान्य करतो. आईचा मधुमेह बरा करण्याचे ओझे दवाखान्यावर नाही; तिच्यापर्यंत गोळी पोचवण्याचे मात्र आहे.

आता दवाखान्याकडे येते. आमच्या घरापासून तिथपर्यंत ८४ पायऱ्या उतराव्या लागतात आणि अर्थातच परत चढाव्या लागतात. रिक्षा खालच्या नाक्यापर्यंतच येते. दवाखान्याच्या दारात चाकांच्या खुर्चीसाठी सिमेंटचा उतार बांधलेला आहे, तो रीतसर आहे, त्याला लोखंडी कठडाही आहे. पण मी जितक्या वेळा गेले तितक्या वेळा तिथे किमान दोन दुचाक्या लावलेल्या होत्या. आई कठडा धरायला गेली की तिचा हात आधी कोणाच्या तरी हेल्मेटवर पडतो. वयस्कर आणि अपंग माणसांना सुरक्षितपणे पोचता येईल अशीच सेवा असली पाहिजे, असे टिप्पणीत स्पष्ट म्हटले आहे. टेकडी कोणी हलवावी अशी माझी मागणी नाही, दुचाक्या हलवता येतील.

वेळेबाबत तक्रार नाही. दवाखाना सकाळी उघडतो म्हणजे खरोखर उघडतो, संध्याकाळची ओपीडी असल्यामुळे घरकाम करणाऱ्या बायकांचा खाडा होत नाही आणि केसपेपरला पैसे पडत नाहीत. डॉक्टर, औषधनिर्माता, दोन सिस्टर, एक मावशी, नोंदणीच्या टेबलावरचा मुलगा आणि दारातले मामा एवढी माणसे असतात. उपलब्धतेच्या खात्यात माझी नोंद एकाच गोष्टीची आहे. प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना देशातल्या इतरांच्या तोडीचे वेतन मिळाले पाहिजे, ही अट समितीने रुग्णाच्या हक्काचाच भाग म्हणून घातली आहे. आमच्या एका सिस्टरने मला सहज बोलता बोलता सांगितले की, दोन महिन्यांचा पगार थकला आहे. त्या दिवशी तिने आईचे रक्त पहिल्याच टोचणीत, आईला कळूही न देता काढले. पगार थकलेला हात इतका हलका कसा राहतो, हे मला कळत नाही. पण तो किती दिवस हलका राहील आणि किती दिवस इथे राहील, याची काळजी रुग्णाने करायला हवी, कारण ४ वर्षांत मी या दवाखान्यात पाच डॉक्टर पाहिले आहेत.

खरी गोम औषधांच्या खिडकीवर आहे. आई जायला लागली तेव्हा गोळ्या एका महिन्याच्या मिळत असत. गेल्या पावसाळ्यात खिडकीच्या काचेवर आतून एक कागद चिकटवला गेला: “गोळ्या १५ दिवसांच्याच मिळतील. हुज्जत घालू नये.” खाली सही नाही, तारीख नाही, आदेशाचा क्रमांक नाही. औषधनिर्माते सभ्य गृहस्थ आहेत, त्यांना मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “ताई, वरून सांगितलंय. मला काही लिहून आलेलं नाही, मी तुम्हाला काय दाखवू?”

ज्याला महिन्याच्या गोळ्या आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या यांत फारसा फरक वाटत नाही, त्याने आमच्या ८४ पायऱ्या एकदा उतरून पाहाव्यात. आईने यावर स्वतःच तोडगा काढला. मला न सांगता तिने रक्तदाबाची गोळी सुपारीच्या अडकित्त्याने अर्धी करायला सुरुवात केली, म्हणजे पंधरा दिवसांच्या गोळ्या महिनाभर पुरतील आणि माझा अर्धा दिवसही वाचेल. मधुमेहाची गोळी अडकित्त्यात चुरा होऊ लागली, म्हणून ती एक दिवसाआड. डोके जड होऊ लागले तरी ती उकाड्यावर ढकलत राहिली. हे उघडकीला आणले ते सध्याच्या डॉक्टर मुलीने. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी पूर्वी साडेसातच्या आसपास होती, ती नवाच्या वर गेलेली पाहून तिने डोस वाढवण्याआधी आईला पिशवीतली पाकिटे टेबलावर काढायला सांगितली. अम्लोडिपिनच्या, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीच्या, पाकिटात एक वेडावाकडा तुकडा होता. तो तिने बोटाच्या टोकावर घेतला आणि विचारले, “आजी, हा उंदरानं खाल्ला का?” आईने आधी हो म्हणून पाहिले.

त्या डॉक्टरने रागावण्याऐवजी जे केले ते मला या संपूर्ण दवाखान्यातले सर्वांत मोलाचे वाटले. तिने दोन्ही पाकिटांवर पेनाने चित्रे काढली: एका पाकिटावर सूर्य, दुसऱ्यावर सूर्य आणि चंद्र. आईला अक्षरे वाचता येतात, पण मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर लागत नाही, हे मी कधी सांगितले नव्हते आणि तिने ते हेरले होते. माहिती मिळवण्याचा हक्क हा सेवेच्या आवाक्याचाच एक भाग आहे, असे टिप्पणी म्हणते. दवाखान्याच्या भिंतीवर आठ रंगीत फलक आहेत; त्या आठांपेक्षा तो एक निळ्या शाईचा चंद्र अधिक कामाचा ठरला.

चंद्राने गोळ्या मात्र वाढल्या नाहीत. करारातली एक तरतूद इथे नेमकी लागू पडते. हे हक्क एका रात्रीत पूर्ण देता येत नाहीत, म्हणून दुसऱ्या अनुच्छेदाने सरकारांना टप्प्याटप्प्याने, पण उपलब्ध साधनसंपत्तीचा कमाल वापर करून पुढे जाण्याची मुभा दिली आहे. ‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द आपल्याकडे फार लाडका आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, एकदा वर चढलेली पायरी खाली उतरता येत नाही असेच समिती गृहीत धरते, आणि उतरावीच लागली तर इतर सर्व पर्याय पडताळून पाहिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. महिन्याचे पंधरा दिवस होणे हे पायरी उतरणेच आहे. तसे करण्यामागे साठ्याची अडचण असू शकेल, गोळ्या वाया जाण्याची भीती असू शकेल, एखादे समजण्याजोगे कारणही असेल. पण कारण द्यावे लागते. ते ‘हुज्जत घालू नये’ असे नसते.

शिवाय ही औषधे दुर्मीळ नाहीत. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची अम्लोडिपिन ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि २०२२ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या ३८४ औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आहेत. अशी पहिली जागतिक यादी १९७७ मध्ये निघाली, ती नेमक्या याच हेतूने, की देश गरीब असला तरी निदान एवढी औषधे त्याच्या दवाखान्यांत असावीत. समितीने अत्यावश्यक औषधांचा पुरवठा हा किमान गाभ्याचा, म्हणजे कोणत्याही सरकारला टाळता न येणाऱ्या कर्तव्यांचा, भाग मानला आहे. तिथे ‘टप्प्याटप्प्याने’ची सबब चालत नाही.

गोळी संपलेली असते तेव्हा ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी मिळते. रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळीसाठी, म्हणजे टेल्मिसार्टनसाठी, ती मला यंदा तीन वेळा मिळाली. पैशांचे मी फार बोलत नाही, कारण जेनेरिकच्या दुकानात ती गोळी स्वस्तात मिळते आणि मला परवडते, पण माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईने चिठ्ठीची घडी घालून ती ब्लाउजमध्ये ठेवली आणि शेजारणीला म्हणाली, “पुढच्या पगाराला बघू.” गरीब कुटुंबांवर आरोग्याच्या खर्चाचा बोजा श्रीमंतांच्या मानाने जास्त पडू नये, या टिप्पणीतल्या वाक्याचे मी भाषांतर केले होते तेव्हा ते मला पुस्तकी वाटले होते. माझी मुख्य तक्रार चिठ्ठीच्या कागदाबद्दल आहे. ती एखाद्या जुन्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली असते. तिच्यावर दवाखान्याचा शिक्का नसतो, केसपेपरवरही ‘औषध उपलब्ध नव्हते’ अशी नोंद होत नाही. म्हणजे त्या दिवशी औषध नव्हते, याचा पुरावाच उरत नाही. कागदोपत्री आमच्या दवाखान्यात औषधे कधीच संपलेली नाहीत.

भेदभावाचा एक प्रसंग लिहिणे भाग आहे. मार्चमध्ये जवळच्या इमारतीच्या कामावरचा एक मुलगा तळहात फडक्यात गुंडाळून आला. पत्र्याने कापले होते. नोंदणीच्या टेबलावर त्याच्याकडे आधार कार्ड मागितले गेले, त्यावर सोलापूर जिल्ह्यातला पत्ता निघाला आणि “इथला पुरावा आण” असे उत्तर मिळाले. तो काही न बोलता दाराकडे वळला. त्याला ते नवे नसावे. आतून सिस्टरने पाहिले, त्याला दंडाला धरून ड्रेसिंगच्या खोलीत नेले, जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि “नाव काय ते मी नंतर लिहिते” असे टेबलाकडे पाहून मोठ्याने म्हणाली. सिस्टर योग्य वागली, पण त्या मुलाचा उपचार तिच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून राहिला, ही दवाखान्याच्या खात्यातली उणीवच आहे. टिप्पणीनुसार कैदी, अल्पसंख्याक, आश्रय मागणारे, इतकेच काय कागदपत्रांशिवाय देशात आलेले परदेशी यांनाही उपचार नाकारता येत नाहीत. सोलापूर तर महाराष्ट्रातच आहे.

कोणी म्हणेल, जिनिव्हात बसलेल्या समितीच्या शब्दांना मुंबईत कोण विचारतो? शंका रास्त आहे. करारावरची सही आपोआप भारतातला कायदा होत नाही, आणि ज्या ऐच्छिक जोडकरारामुळे व्यक्तीला थेट या समितीकडे दाद मागता येते, त्या २००८ च्या जोडकरारात भारत सामील झालेला नाही. पण आपल्याकडे दुसरा रस्ता आहे. संविधानाचा ४७ वा अनुच्छेद सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य सांगतो आणि सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात, म्हणजे २१ व्या अनुच्छेदात, आरोग्याचा हक्क वाचलेला आहे. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या शेतमजूर संघटनेच्या एका सदस्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. १९९६ च्या निकालात न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई देवविली आणि पैशांची तंगी हे घटनात्मक कर्तव्य टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, असे बजावले. तो मुलगा आणि त्याचा कापलेला तळहात डोळ्यांसमोर ठेवून मी हा निकाल पुन्हा वाचला.

स्वीकारार्हता हा शब्द उच्चारायला जड आहे, अर्थ सोपा आहे: माणसाची लाज, खासगीपण आणि चालरीत राखून सेवा द्यावी. या बाबतीत दवाखाना कमी पडतो आणि त्याला पैसा कारण नाही. सकाळी गर्दी वाढली की दारातून आरोळी येते, “शुगरवाले डावीकडे, टीबीवाले उजवीकडे.” उजवीकडे जाणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने ओढणी तोंडावर घेतली, ती खोकल्यासाठी घेतली नव्हती. आमच्यासारख्या दाटीच्या वस्तीत टीबीचा संशय हा लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचतो, हे आरोळी देणाऱ्या मामांनाही ठाऊक आहे. डाव्या आणि उजव्या दारांना क, ख अशी अक्षरे दिली तर काम तेवढेच होईल. उलट बाजूने एक गोष्ट नोंदवते: गरोदर बायकांची तपासणी पडद्याआड होते, पडदा धुतलेला असतो आणि तपासण्याआधी डॉक्टर विचारते.

दर्जाबद्दल मला वाटले होते तेवढे वाईट लिहावे लागत नाही. रक्ताचे नमुने ११ वाजेपर्यंतच घेतात, पण अहवाल दुसऱ्या दिवशी मोबाइलवर येतो आणि एकदा मनात शंका आली म्हणून मी आईची तीच चाचणी खासगी प्रयोगशाळेत करून पाहिली, तेव्हा आकडे जवळजवळ सारखे निघाले. रक्तदाबाचे यंत्र एकदा बॅटरी उतरल्याने आईचा दाब ८०/४० दाखवत होते. आई समोर बसून बोलत होती, त्यामुळे कोणी घाबरले नाही. लसीकरणाच्या दिवशी मात्र सिस्टरचे काम पाहण्यासारखे असते. लशीच्या कुपीवर एका वर्तुळात छोटा चौकोन छापलेला असतो. लस उष्णतेत राहिली की तो गडद होत जातो, आणि चौकोन वर्तुळाहून फिका असेल तरच लस वापरायची असते. एका तरुण आईने लस ताजी आहे का असे भीत भीत विचारले, तेव्हा सिस्टरने कुपी उजेडात धरून तिला तो चौकोन दाखवला आणि “हा काळा झाला तर मीच देणार नाही” असे सांगितले. हे पाहायला एक तारा जास्त द्यावा.

शौचालयाबद्दल लिहू की नको असे वाटत होते, पण आरोग्याच्या हक्कात पिण्याचे पाणी आणि स्वच्छता ही मुळातच मोडतात आणि मधुमेहाच्या रुग्णाला या दोन्हींची गरज इतरांहून जास्त लागते. शौचालय एकच आहे, कुलूपबंद असते आणि किल्ली सिस्टरच्या टेबलावर सलाइनच्या रिकाम्या बाटलीला बांधून ठेवलेली असते, हरवू नये म्हणून. म्हणजे ज्याला जायचे आहे त्याने भरल्या ओपीडीतून ती बाटली हातात घेऊन जायचे. आई जात नाही. ती आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिते. पिण्याच्या पाण्याचा कूलर आहे, तो मी एकदाही चालू पाहिलेला नाही, त्याच्यावर पोलिओचे फलक ठेवलेले असतात. वस्तीतल्या पाण्याची कथा याहून मोठी आहे आणि ती या दवाखान्याच्या माथी मारता येणार नाही. अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाणी नाकारता येत नाही, कारण ते जगण्याच्या हक्कात येते, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये दिला, तरी आमच्या वरच्या आळीत आजही पिंपे चढवली जातात आणि जुलाबाचे रुग्ण त्याच आळीतून सर्वांत जास्त येतात, हे डॉक्टरच्या रजिस्टरात दिसते.

हक्क म्हटला की तो मोडल्यावर दाद मागण्याची जागा हवी, असे टिप्पणीच्या शेवटच्या भागात आहे. आमच्याकडे ती जागा म्हणजे दारामागची लाल तक्रारपेटी. तिचे कुलूप गंजलेले आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे मी चौघांना विचारले, चौथ्याने मलाच विचारले, “तुमच्याकडे नाही ना?” म्हणून मी अर्ज हाताने दिला. गोळ्यांचे दिवस कोणत्या आदेशाने कमी झाले त्याची प्रत द्यावी, औषध नसेल त्या दिवशी केसपेपरवर तशी नोंद शिक्क्यासह करावी आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नये, एवढ्या तीन ओळी. टेबलावरच्या मुलाने तो दोनदा वाचला, “असा अर्ज पहिल्यांदाच आला” म्हणाला आणि पोचीचा शिक्का मारून दिला. तो शिक्का एवढा फिका उमटला आहे की तारीख वाचायला भिंग लागेल. मी त्याच्याकडून पेनाने आवक क्रमांक लिहून घेतला. या गोष्टीला पाच आठवडे झाले आणि उत्तर आलेले नाही. गेल्या खेपेला औषधनिर्मात्यांनी मात्र टेल्मिसार्टन नाही हे मी न सांगता केसपेपरवर लिहिले, तारखेसह, आणि माझ्याकडे पाहिले नाही.

काकूंना मी अर्जाची प्रत दाखवली. त्यांनी ती दूर धरून वाचली आणि म्हणाल्या, “गाईचे दात मोजून झाले असतील तर मलाही पुढच्या वेळी ने, माझे गुडघे दाखवायचे आहेत.”

नव्याने जाणाऱ्यांसाठी: रक्त द्यायचे असेल तर १०.३० पर्यंत पोचावे, कारण ११ ची वेळ कधी पावणेअकराला संपते. पाण्याची बाटली घरून न्यावी. चिठ्ठी बाहेरच्या औषधाची असेल तर केसपेपरवर नोंद मागावी. शांतपणे मागितली तर आता मिळते. डोळ्यांना कमी दिसत असेल तर डॉक्टरला सांगून पाकिटावर चंद्र-सूर्य काढून घ्यावेत, त्याला ती नाही म्हणत नाही. आणि दुचाकी घेऊन जाणार असाल तर ती उतारावर लावू नये.